‘मान’ पुरे, आता वेतन द्या : अंगणवाडीच्या पन्नास वर्षांचा हिशेब

२०२५ मध्ये २ ऑक्टोबरला दोन गोष्टी एकाच दिवशी आल्या. अशोक विजयादशमी असल्याने आर्वी, पुलगाव, वर्धा या पट्ट्यातून आपले बांधव आणि भगिनी दीक्षाभूमीकडे निघाले. त्याच दिवशी एकात्मिक बाल विकास सेवा योजनेला, म्हणजे आपल्या अंगणवाडीला, ५० वर्षे पूर्ण झाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत ही योजना सुरू झाली होती. आपल्या चळवळीच्या मंचांवर शिष्यवृत्ती, आरक्षण, ॲट्रॉसिटी, स्पर्धा परीक्षा यांवर भरपूर बोलले जाते आणि ते आवश्यकच आहे. पण शून्य ते सहा वयाच्या मुलांना सांभाळणाऱ्या, शिकवणाऱ्या बाईला महिन्याला किती रुपये मिळतात, हा प्रश्न आपल्या यादीत सहसा नसतो. तो असायला हवा. का, ते आम्ही येथे मांडत आहोत.

रोहणा हे आर्वी तालुक्यातले गाव. कापूस, सोयाबीन, तुरीचा हा पट्टा. दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी सुरू झाली की भूमिहीन आणि अल्पभूधारक घरांतल्या बाया सकाळीच शेताची वाट धरतात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून घरी थांबणे परवडत नाही. मग लहान मूल कुठे ठेवायचे? आजी असेल तर आजीकडे. नसेल तर शाळेतून नाव न काढता घरी बसवलेल्या मोठ्या बहिणीकडे. अंगणवाडी नीट चालते तिथे ती मोठी बहीण शाळेत जाऊ शकते, आई निर्धास्त वेचू शकते आणि लहान मुलाला गरम आहार व चार शब्द मिळतात. एका अंगणवाडीने तीन पिढ्यांच्या बायांचे काम हलके होते. हे काम करणारी बाई मात्र सरकारच्या लेखी कर्मचारीच नाही.

शब्दांत दडवलेले धोरण

सरकारी कागदांतले शब्द पाहा. शिक्षकाला वेतन मिळते, अंगणवाडीतल्या बाईला ‘मानधन’. कर्मचाऱ्याला बोनस मिळतो, तिला दिवाळीत ‘भाऊबीज भेट’. तिचे पदनाम ‘सेविका’, तिच्या सोबतिणीचे ‘मदतनीस’. पगारवाढीऐवजी ‘प्रोत्साहन भत्ता’.

हे सगळे शब्द गोड आहेत आणि प्रत्येक शब्द सरकारची एकेक जबाबदारी कमी करतो. वेतन म्हटले की किमान वेतन कायदा येतो, महागाई भत्ता येतो, भविष्य निर्वाह निधी येतो, निवृत्तिवेतन येते. मान दिला की त्यातले काहीच येत नाही. बोनस मागता येतो. भाऊबीज भावाच्या मर्जीवर असते. केंद्र सरकारने संसदेत वेळोवेळी हेच उत्तर दिले आहे की या महिला ‘मानसेवी’ आहेत, स्वेच्छेने समाजसेवा करायला पुढे आलेल्या आहेत.

स्वेच्छेचे हे वर्णन प्रत्यक्ष कामाशी ताडून पाहू. पूरक पोषण आहार, लसीकरणासाठी मुले गोळा करणे, गरोदर आणि स्तनदा मातांच्या गृहभेटी, दर महिन्याला वजन-उंची, तीन ते सहा वयाच्या मुलांचे पूर्वप्राथमिक शिक्षण, आणि २०२१ पासून हे सगळे पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपमध्ये भरणे. नवीन शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा ‘पायाभूत टप्पा’ ठरवला. २०२३ मध्ये केंद्राने ‘पोषण भी पढाई भी’ कार्यक्रम आणला. अंगणवाडीची बाई धोरणाच्या कागदावर पहिली शिक्षिका झाली. पगारपत्रकावर मात्र ती आली नाही. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्जही तिनेच भरले, अर्जामागे ५० रुपयांच्या बोलीवर.

आकडे काय सांगतात

१९७५ मध्ये मानधन महिन्याला १००-१५० रुपये होते. एप्रिल २०११ मध्ये केंद्राने ते ३,००० केले. ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेला ४,५००, मिनी अंगणवाडी सेविकेला ३,५०० आणि मदतनिसाला २,२५० रुपये झाले. पुढची सात वर्षे केंद्राचा आकडा हलला नाही. या काळात तेल, डाळ, गॅस, एसटीचे तिकीट कुठे गेले, ते प्रत्येक घराला ठाऊक आहे.

महाराष्ट्रात वाढ झाली ती राज्याच्या हिश्श्यातून, आणि तीही रस्त्यावर उतरल्यावर. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेला संप २६ दिवस चालला, तेव्हा सेविकेचे मानधन ५,००० वरून ६,५०० झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा संप झाला आणि मार्चच्या अर्थसंकल्पात सेविकेला १०,०००, मिनी अंगणवाडी सेविकेला ७,२००, मदतनिसाला ५,५०० जाहीर झाले. ४ डिसेंबर २०२३ पासून तिसरा मोठा संप जवळपास पन्नास दिवस चालला. मागणी होती सेविकेला २६,००० रुपये, ग्रॅच्युइटी आणि पेन्शन. त्यानंतर, २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, सेविकेचे मानधन १३,००० आणि मदतनिसाचे ७,५०० झाले. शिवाय कामाच्या निकषांवर अनुक्रमे दोन आणि एक हजारांपर्यंतचा प्रोत्साहन भत्ता.

ही वाढ लहान नाही आणि ती लढून मिळवलेली आहे, हे मान्य करूनच पुढे जाऊ. आता तुलना करू.

रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. महिन्याचे २६ दिवस धरले तर ८,११२ रुपये होतात. मदतनिसाचे मानधन त्याहून कमी, ७,५००. म्हणजे तलावातला गाळ काढण्याच्या कामाला सरकारने जो किमान दर ठरवला, तेवढाही स्वयंपाक, साफसफाई आणि तीस मुले सांभाळण्याच्या कामाला नाही. गंमत अशी की याच रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी आणि तिला पूर्ण मजुरी द्यावी, अशी तरतूद केली गेली. मूल सांभाळणे हे मजुरी देण्याजोगे काम आहे, हे सरकारने एका कायद्यात मान्य केले आणि दुसऱ्या योजनेत नाकारले.

दुसरी तुलना शाळेशी. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाचे सातव्या वेतन आयोगातले मूळ वेतन २९,२०० पासून सुरू होते. त्याआधीच्या शिक्षणसेवकाच्या काळात १६,००० मिळतात, पण तो काळ तीन वर्षांनी संपतो आणि नियमित वेतनश्रेणी लागते. अंगणवाडी सेविका तीस वर्षे काम करून निवृत्त होते तेव्हाही ती मानधनावरच असते.

दिल्लीचा हात आखडता

मानधनाच्या चर्चेत एक गोष्ट नेहमी निसटते, ती म्हणजे पैसा कोण देतो. २०१५ पूर्वी या योजनेच्या सर्वसाधारण खर्चात केंद्राचा वाटा ९० टक्के होता. तो ६० टक्क्यांवर आणला गेला. पूरक पोषण आहाराचा खर्च निम्मा-निम्मा आहे.

आता हिशेब करा. केंद्राने मान्य केलेले सेविकेचे मानधन ४,५००. त्याचे ६० टक्के म्हणजे २,७०० रुपये. महाराष्ट्रातल्या सेविकेला मिळणाऱ्या १३,००० पैकी दिल्लीतून येतात फक्त २,७००, म्हणजे सुमारे एकवीस टक्के. मदतनिसाच्या ७,५०० मध्ये केंद्राचे १,३५०. उरलेले सगळे राज्याच्या तिजोरीतून. त्यामुळे गरीब राज्यातली सेविका आणखी कमी पैशात तेच काम करते, आणि इथे प्रत्येक वाढ राज्य सरकारच्या निवडणुकीच्या गणितावर अवलंबून राहते.

‘सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.०’ या नावाखाली केंद्राची तरतूद २०२१-२२ मध्ये २०,१०५ कोटी होती. २०२५-२६ मध्ये ती २१,९६० कोटी झाली. चार वर्षांत वाढ नऊ टक्क्यांच्या आसपास. महागाई वजा केली तर ही वाढ नसून घट आहे. मुलामागे दिवसाला आठ रुपये हा आहाराचा दर केंद्राने २०१७ मध्ये ठरवला. आठ रुपयांत धान्य, डाळ, तेल, इंधन बसवून मुलाचे कुपोषण हटवायचे. आणि ते हटले नाही, तर नोटीस सेविकेला.

संपावर गेली की ‘अत्यावश्यक’

मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने अंगणवाडी महिलांना मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा लावला. म्हणजे संप केला तर गुन्हा. विधिमंडळात गदारोळ झाला आणि काही दिवसांतच निर्णयाला स्थगिती द्यावी लागली. पण त्या काही दिवसांत सरकारच्या मनातले स्पष्ट दिसले. पगार मागताना ही बाई स्वयंसेविका. काम थांबवताना तीच इतकी अत्यावश्यक, की तिच्यावर पोलीस कारवाई करता यावी. २०२३-२४ च्या संपातही कामावरून कमी करण्याच्या नोटिसा निघाल्या. स्वेच्छेने सेवा करणाऱ्याला नोटीस कशी देता येते, याचे उत्तर कुणी दिले नाही.

न्यायालयांचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. २००६ मध्ये अमीरबी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अंगणवाडी सेविकेचे पद हे नागरी सेवेतले पद नाही. सोळा वर्षांनी, २५ एप्रिल २०२२ रोजी, गुजरातमधल्या मणिबेन भारिया यांच्या खटल्यात न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने निर्णय दिला की सेविका आणि मदतनीस १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याखाली येतात. अन्न सुरक्षा कायदा २०१३ ने आहाराचा हक्क दिला आणि तो अंगणवाडीतूनच पोहोचतो, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११ मध्ये पूर्वप्राथमिक शिक्षण आहे. म्हणून या महिला कायद्याने ठरवलेले कर्तव्य बजावतात आणि त्यांचे मानधन हे वेतनच आहे, असा त्याचा गाभा. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने त्या राज्यातल्या सेविकेला किमान २४,८०० आणि मदतनिसाला २०,३०० रुपये द्यावेत, असा आदेश दिला. महाराष्ट्रातली २६,००० ची मागणी अवास्तव म्हणणाऱ्यांनी हा आकडा शेजारी ठेवून पाहावा.

मे २०१३ मधल्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेनेही योजना कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली होती. त्या परिषदेत सरकार, मालक आणि कामगार संघटना तिघेही बसतात. शिफारस एकमुखी, अंमल शून्य.

आपल्याला हे ओळखीचे वाटायला हवे

काम सरकारचे, पण मोबदला हक्काचा नाही. कामाचे तास बांधलेले नाहीत. बोलावले की जायचे. आणि मिळेल ते उपकार म्हणून घ्यायचे. ही व्यवस्था आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगली आहे. मुंबई इलाख्यातल्या महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी कायदेमंडळात विधेयक मांडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : महार सरकारी चाकरी करतो, तर त्याला सरकारने ठरावीक पगार द्यावा, गावाच्या बलुत्यावर आणि मर्जीवर त्याला सोडू नये. वतनात ‘मान’ होता, हे सांगणारे तेव्हाही होते. बाबासाहेबांनी मानाऐवजी पगार मागितला.

वतन जन्माने लादले जाई आणि सेविका अर्ज करून येते, हा फरक मोठा आहे. दोन्ही गोष्टी एकच आहेत, असे आम्ही म्हणत नाही. पण मोबदल्याला दुसरे नाव देऊन हक्क काढून घेण्याची युक्ती तीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे ही संविधानाच्या कलम २३ नुसार वेठबिगारीच आहे. पोटाच्या गरजेपोटी दिलेली संमती ही खरी संमती नसते, हे त्यामागचे तत्त्व.

त्याच १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजा विधेयकाला पाठिंबा दिला. मूल जन्माला घालण्याचा आणि वाढवण्याचा भार एकट्या आईवर टाकता येणार नाही, त्यात राष्ट्राचे हित आहे आणि म्हणून सरकारने खर्च उचलला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. अंगणवाडीचा प्रश्न याच भूमिकेचा पुढचा भाग आहे.

‘अंगणवाडी’ या शब्दाचा इतिहासही लक्षात घ्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाड्या सुरू केल्या. वस्तीतली गरीब मुले मध्यवर्ती बालवाडीपर्यंत येत नाहीत, हे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. दलित-आदिवासी मुलांसाठी चालून जाणारी शाळा, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. सरकारी योजना मात्र बराच काळ गावाच्या मधोमध अडली. अन्न अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ आणि २००६ च्या आदेशांत नव्या अंगणवाड्या देताना अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्या, असे बजावले. देशातल्या अनेक वस्त्यांत अंगणवाडी त्यानंतर आली. ती मिळवून देणारा लढा आपल्या इतिहासाचा भाग आहे.

संविधानातही एक बारकावा आहे. मूळ कलम ४५ मध्ये १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या शिक्षणाचे उद्दिष्ट होते, त्यात सहा वर्षांखालची मुलेही होती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदाला मूलभूत हक्क दिला आणि शून्य ते सहा वय मार्गदर्शक तत्त्वांत ठेवले. हक्क नाही म्हणून पद नाही, पद नाही म्हणून वेतन नाही. साखळी इथून सुरू होते.

‘पैसा कुठून आणायचा?’

हा प्रश्न प्रामाणिकपणे घेऊ. महाराष्ट्रात सुमारे एक लाख दहा हजार अंगणवाड्या आहेत. सेविका आणि मदतनीस मिळून सुमारे दोन लाख महिला. सेविकेला १३,००० चे २६,००० आणि मदतनिसाला ७,५०० चे २०,००० करायचे ठरवले, तर आमच्या ढोबळ हिशेबाने वर्षाला तीन हजार दोनशे कोटींच्या आसपास जादा लागतील. रक्कम मोठी आहे आणि ती दरवर्षी लागेल. पण आपल्याच जिल्ह्यातल्या पवनारपासून निघणाऱ्या शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादन आणि नियोजनासाठी जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने २० हजार कोटींहून अधिक रक्कम मंजूर केली. महामार्ग हवा की नको, हा वेगळा वाद. तिजोरी रिकामी आहे, हे उत्तर मात्र सगळ्यांना सारखे मिळत नाही, एवढे यावरून दिसते.

लाडक्या बहिणींचे १,५०० कापून सेविकेला द्या, असेही आम्ही म्हणणार नाही. एका गरीब बाईच्या ताटातले दुसरीला वाढण्याचा खेळ सरकारला सोयीचा असतो. केंद्राने २०१८ पासून गोठवलेला आपला वाटा वाढवला, तरी मोठा भार हलका होईल.

दुसरा आक्षेप आपल्याच वस्त्यांतून येतो. काही ठिकाणी सेविका आपल्या मुलांना वेगळे बसवते, आहार देताना हात आखडते. मग तिच्यासाठी आपण का भांडावे? जिथे भेदभाव होतो तिथे तक्रार झालीच पाहिजे आणि कायद्याने कारवाई झालीच पाहिजे. पण उत्तरदायित्व पदातून येते. नियमित सेवेतल्या कर्मचाऱ्याला सेवानियम लागतात, चौकशी लागते. उपकारावर ठेवलेल्या बाईकडून हक्काची सेवा मागणे अवघड जाते. शिवाय सेविका आणि मदतनिसांत आपल्याही बहिणी आहेत.

तिसरा आक्षेप : आता सगळे खासगी नर्सरीत घालतात. ज्यांना परवडते ते घालतात. त्या नर्सरीत शिकवणारी बाईही अनेकदा तुटपुंज्या पगारावर, नेमणूकपत्राशिवाय राबते. सरकारनेच या कामाची किंमत कमी ठरवली की खासगी मालक ती आणखी खाली आणतो.

गावात काय करता येईल

दिल्ली-मुंबईचे निर्णय युनियनच्या लढ्याने बदलतील. तरुणांनी त्या लढ्याला साथ द्यावी, पण गावपातळीवरही पुढच्या गोष्टी आपल्या हातात आहेत.

एक, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के निधी महिला व बालकल्याणावर आणि १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचा असतो. तो कुठे गेला, ते ग्रामसभेत विचारा. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. अंगणवाडीची वीज, पाणी, शौचालय, गॅस या निधीतून होऊ शकते. आज अनेक ठिकाणी सेविका यासाठी स्वतःच्या खिशातून पैसे घालते.

दोन, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारीच्या ग्रामसभांत ठराव मांडा की अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना वेतनश्रेणी आणि ग्रॅच्युइटी मिळावी. ठरावाने पगार वाढत नाही, पण शेकडो गावांचे ठराव आमदार-खासदारांच्या टेबलावर पडले की प्रश्न ‘बायकांचा संप’ राहत नाही, गावाचा होतो.

तीन, निवृत्त झालेल्या सेविका आणि मदतनिसांना २०२२ च्या ग्रॅच्युइटी निकालाची माहिती द्या. शिकलेल्या मुलांनी त्यांना अर्ज लिहून द्यावेत, नेमणुकीचे आणि सेवेचे कागद गोळा करायला मदत करावी. कागद हरवले की हक्क हरवतो, हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला माहीत?

चार, वस्तीतल्या मातांची बैठक घ्या. आहार मिळतो का, वजन होते का, मुले काय शिकतात, हे मातांनी विचारावे. सेविकेवर पाळत ठेवण्याऐवजी तिच्या अडचणीही त्याच बैठकीत ऐकाव्यात. संप झाला तेव्हा अनेक ठिकाणी पालक आणि सेविका समोरासमोर उभे केले गेले. पुढच्या संपाआधी ही दरी बुजलेली असावी.

पाच, विहारातल्या कार्यक्रमांत सत्कार करताना सेविका-मदतनिसांना शाल आणि पुष्पगुच्छ जरूर द्या, पण त्याच मंचावर त्यांच्या वेतनाची मागणीही वाचून दाखवा. शाल पांघरून घर चालत नाही.

‘शिका’ हा बाबासाहेबांच्या संदेशातला पहिला शब्द आपण दहावी-बारावीपासून मोजतो, फार तर पहिलीपासून. मूल मात्र त्याच्या आधीच शिकायला लागलेले असते. त्या वयात त्याला शिकवणाऱ्या बाईचा पगार हा आपल्या शिक्षणाच्या लढ्याचाच मुद्दा आहे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तो घ्या.

जय भीम.